आमदार अंथरुणाला खिळला म्हणजे



मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यापाशी घटकाभर उभे राहिले, तर रुग्णवाहिका जाताना हमखास दिसते. रोगी इस्पितळात वेळेवर पोचावा म्हणून ती धावत असते. १० जून २०२२ रोजी मात्र पुण्याकडून दोन रुग्णवाहिका मुंबईला निघाल्या, त्या इस्पितळाकडे नव्हे, विधानभवनाकडे. एकीत चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप होते, दुसरीत पुण्याच्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक. दोघांनाही दुर्धर आजाराने घेरले होते. त्या दिवशी राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते, आणि एकेक मत मोलाचे झाले होते. दोघांनी मते दिली, त्यांच्या पक्षाचा तिसरा उमेदवारही निवडून आला, आणि पक्षाच्या नेत्यांनी तो विजय ह्या दोघांना अर्पण केला. दहा दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेची निवडणूक आली. दहा जागा, अकरा उमेदवार. पुन्हा तोच प्रवास, पुन्हा ती रुग्णवाहिका. ह्या वेळी मतपत्रिका दुसऱ्याने हाताळली म्हणून काँग्रेस पक्षाने हरकत घेतली, मतमोजणी काही वेळ खोळंबली, पण हरकत टिकली नाही. आजारी किंवा अपंग मतदाराला मत देताना सोबती घेता येतो अशी तरतूद निवडणुकीच्या नियमांत आहेच.

२२ डिसेंबर २०२२ रोजी मुक्ताताई गेल्या. ३ जानेवारी २०२३ रोजी जगताप गेले.

आता कोणी म्हणेल, घाटावरच्या शहरातल्या ह्या गोष्टी. आम्हा घाटाखालच्या माणसांना त्यांचे काय? तर चिंचवड आपल्याला वाटते तितके दूर नाही. २००९ पासून आपला कर्जत विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघात आहे. घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण आणि घाटावरचे मावळ, पिंपरी, चिंचवड, असे सहा मिळून एक खासदार निवडतात. पळसदरीचा मतदार आणि चिंचवडचा मतदार लोकसभेपुरते एकाच घरातले. २०१४ साली ह्या मावळातून शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्याने जगताप स्वतः उभे होते, तेव्हा त्यांचे नाव आपल्या मतदानयंत्रावरही होते. ते हरले, श्रीरंग बारणे निवडून आले. त्याच निवडणुकीत तिसरे राहिलेले राहुल नार्वेकर पुढे जुलै २०२२ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले. राजकारणात माणसे अशी फिरून फिरून भेटत राहतात.

त्या दोघांच्या धैर्याबद्दल मनात आदरच आहे. त्यांना बोल लावण्यासाठी मी हा विषय काढलेला नाही. मला विचार करायला लावले ते पळसदरीच्या एका वाडीवरच्या वयस्क ठाकर गृहस्थांनी. मतदानाविषयी चार गोष्टी सांगायला मी तिकडे गेलो होतो. ते म्हणाले, “सर, सरपंच पडला आजारी तर उपसरपंच हाय. मुख्यमंत्र्याला उपमुख्यमंत्री हाय. मंग आमदार पडला, तर उपआमदार कोन?”

मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, घटनेची कलमे मुलांकडून घोकून घेतो. क्रमिक पुस्तकात हा प्रश्न नाही. विधानसभेच्या अध्यक्षांना उपाध्यक्ष आहेत, राष्ट्रपतींना उपराष्ट्रपती आहेत. ज्याला लाखो माणसे प्रत्यक्ष आपल्या बोटाला शाई लावून निवडून देतात, त्या आमदाराच्या मागे मात्र दुसरा कोणी उभा नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. घटनेच्या १९० व्या कलमात असे आहे की, एखादा आमदार सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते. ‘करू शकते’, केलेच पाहिजे असे नाही. हे साठ दिवस कसे मोजायचे तेही ऐका. अधिवेशन संपलेले असेल, किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकूब असेल, तर तो काळ मोजायचा नाही. आपली विधानसभा वर्षातून तीनदा भरते, अर्थसंकल्पाला, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नागपूरला. आणि भरते ती थोडे दिवस. तेव्हा साठाची बेरीज होईपर्यंत वर्ष उलटून जाते. शिवाय आजारी सदस्याने रजेचा अर्ज केला आणि सभागृहाने तो मान्य केला, की हा हिशेबच थांबतो. रजा मिळते आणि ती मिळालीच पाहिजे, आजारी माणसाला माणुसकीने वागवायला नको काय? पण शाळेत गुरुजी रजेवर गेले, तर मुख्याध्यापक त्या वर्गावर दुसऱ्या कोणाला तरी पाठवतात. आमदाराच्या रजेत त्याच्या वर्गावर कोणी जात नाही.

१९१ व्या कलमात मनोविकलतेचा उल्लेख आहे, पण तोही न्यायालयाने तसे ठरवले असेल तरच. शरीराच्या आजाराबद्दल घटना गप्प आहे. पक्षाघात झाला, वाचा गेली, शुद्ध हरपली, तरी आमदारकी कायम. पश्चिम बंगालचे प्रियरंजन दासमुन्शी ऑक्टोबर २००८ मध्ये असेच कोसळले आणि पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. २००९ च्या निवडणुकीपर्यंत रायगंजचे खासदार तेच होते.

मृत्यूची मात्र कायद्याने सोय केली आहे. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक. कसबा आणि चिंचवड येथे २६ फेब्रुवारी २०२३ रोजी मतदान झाले, २ मार्चला निकाल लागला, दोन्ही ठिकाणी नवे आमदार आले. म्हणजे प्रतिनिधी वारल्यावर लोकांना दोन-अडीच महिन्यांत दुसरा मिळाला. तो अंथरुणाला खिळलेला होता तोवर मात्र कायद्याने त्यांना काहीच दिले नव्हते. मृत्यूची ही सोयही प्रत्येक वेळी पाळली जाते असे समजू नका. पुण्याचे खासदार गिरीश बापट त्या कसब्याच्या प्रचाराला नाकात प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीत बसून आले होते. २९ मार्च २०२३ रोजी तेही गेले. पुण्याची जागा त्यानंतर थेट जून २०२४ पर्यंत रिकामी राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या म्हणून सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि तेवढ्यात सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली.

रुग्णवाहिकेतून मुंबईला पोचले ते काय, हा ह्यातला खरा मुद्दा आहे. पोचले ते मत. त्याची पक्षाला गरज होती, म्हणून ते आणले गेले. पण आमदार म्हणजे नुसते मत काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहातले महत्त्वाचे मत पक्षाच्या आदेशाप्रमाणेच द्यावे लागते. तेव्हा ते मत निम्मेअधिक पक्षाचे झाले आहे. मतदाराचे जे खरोखर आमदाराजवळ असते ते वेगळेच. तारांकित प्रश्न विचारून मंत्र्याला उभे करणे, लक्षवेधी सूचना देणे, तहसीलदाराला ‘त्या दाखल्याचे काय झाले’ म्हणून विचारणे, स्थानिक विकास निधीतून कुठल्या वाडीचा रस्ता आधी घ्यायचा त्याची शिफारस करणे. २०२२ पासून हा निधी आमदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये आहे. ह्यातले काहीही आणण्यासाठी आजवर कोणी रुग्णवाहिका पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चिंचवड-कसब्यात त्या काळात कोणाचे काय अडले, ह्याचा हिशेब मी मांडत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. म्हणजे नगरसेवक नाहीत आणि आमदार आजारी. आपल्या रायगड जिल्हा परिषदेवरही त्याच महिन्यात प्रशासक आले आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. असे झाले म्हणजे ग्रामपंचायत आणि आमदार ह्यांच्यामधली पायरीच निखळते, आणि सगळा भार एकट्या आमदारावर येतो. तो भार उचलणाराच पडला तर?

शहराला वर्तमानपत्रे असतात, मंत्री असतात, वकील असतात. वाडीला काय असते? इथे एक फरक लक्षात घ्यावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पावसाळी अधिवेशन त्या वेळी चालूच होते. दुसऱ्या दिवशी सभागृहात सरकारने निवेदन केले, मुख्यमंत्री गडाच्या पायथ्याशी आले, सगळा महाराष्ट्र हळहळला. समजा, त्या भागाचा आमदार त्या आठवड्यात इस्पितळात असता, तरी इर्शाळवाडीचे नाव सभागृहात निघालेच असते. संकट मोठे असले की त्याला शंभर तोंडे फुटतात. पण दळी जमिनीचे प्रकरण घ्या. आपल्या कर्जत-खालापुरात ठाकर-कातकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावरच्या दळ्या कसल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे झाले. ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. एखादा दावा मध्येच कुठे कपाटात बसला, तर त्याची बातमी होत नाही. उन्हाळ्यात वाडीवरची विहीर आटते आणि टँकर दोन दिवसांआड येतो, त्याचीही नाही. अशा बारीक गाऱ्हाण्याला बोलायला नेमके आपलेच माणूस लागते, आणि ते नसले तर गाऱ्हाणे तिथल्या तिथे विरून जाते.

मग आजारी आमदाराचे काम प्रत्यक्षात चालवतो कोण? बहुतेक ठिकाणी त्याचा स्वीय सहायक, मुलगा, भाऊ, पत्नी, नाहीतर तालुक्यातला एखादा कार्यकर्ता. ह्यांतले पुष्कळजण मनापासून राबतात हे खरे आहे, आणि दारावर आलेल्या माणसाला निदान पाणी तरी मिळते. परंतु त्यांना कोणी निवडून दिलेले नाही. आमदाराच्या लेटरपॅडवर त्याच्या नावाने पत्र निघते. ते त्याने वाचले की नाही, कोण जाणे. उद्या त्यात पक्षपात झाला, तर जाब कोणाला विचारायचा? आजारी माणसाला विचारवत नाही, आणि दुसरा कोणी जबाबदारच नाही. आपल्याकडे पुढे पोटनिवडणुकीत तिकीट बहुधा घरातच जाते, त्याचे एक मूळ ह्या काळात आहे असे मला वाटते. माणूस आजारी असताना घरच कचेरी झालेले असते.

बाहेरच्या देशांनी काय केले? स्वीडनमध्ये निवडणुकीच्या वेळीच पक्षाच्या यादीतून राखीव प्रतिनिधी ठरतात. सभासद महिनाभर किंवा त्याहून अधिक रजेवर गेला, की राखीव माणूस त्याच्या जागी येऊन बसतो, बोलतो, मत देतो. मूळ सभासद बरा झाला की तो उठतो. आपल्या पळसदरीच्या आजोबांचा ‘उपआमदार’ तो हाच. न्यूझीलंडमध्ये गैरहजर सभासदाचे मत त्याच्या वतीने दुसऱ्याला देता येते. इंग्लंडमध्ये जुनी चाल अशी होती की, आजारी सभासदाला पार्लमेंटच्या आवारात रुग्णवाहिकेतून आणायचे, दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी तो जिवंत आहे एवढे पाहायचे आणि त्याचे मत मोजायचे. २८ मार्च १९७९ रोजी कॅलाहन ह्यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. सरकारपक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मृत्युशय्येवर होते. यायला ते तयार होते, पण प्रवासातच त्यांचा प्राण जाईल म्हणून पंतप्रधानांनी त्यांना आणू दिले नाही. सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. पाच दिवसांनी, २ एप्रिलला, ब्रॉटन वारले. आपल्याकडेही १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचे सरकार एका मताने गेले. तेव्हा एक मत म्हणजे काय हे आपणही पाहिलेले आहे. पण एका मरणाऱ्या माणसासाठी सरकार पणाला लावणारा पंतप्रधान विरळा. पुढे २०२२ साली इंग्लंडने गंभीर आजारातही दुसऱ्याकरवी मत देण्याची मुभा प्रथम प्रयोग म्हणून दिली.

ही स्वीडनची सोय उचलून इकडे लावता येईल काय? सरळ येणार नाही. तिकडे पक्षाची यादी निवडून येते, इकडे एका मतदारसंघातून एक माणूस. आणखीही एक अडचण आहे. आमदार खरोखर असमर्थ आहे हे ठरवायचे कोणी? वैद्यकीय मंडळाने ठरवावे म्हणाल, तर ते मंडळ नेमणार कोण? उद्या सत्तेवर असलेल्या पक्षाने नको असलेल्या विरोधकाला ‘प्रकृती ठीक नाही’ म्हणून घरी बसवले तर? घटनाकारांनी ह्या बाबतीत हात आखडता घेतला त्यामागे ही भीती असावी, आणि ती निराधार नाही. आजार ही खाजगी गोष्टही आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आजारी असताना त्यांच्या प्रकृतीची माहिती जाहीर व्हावी म्हणून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका झाली, ती २०१९ च्या जानेवारीत फेटाळली गेली. त्याच सुमाराला ते नाकात नळी घेऊन अर्थसंकल्प मांडायला सभागृहात आले. पणजीचे आमदारही तेच होते. राज्याचा अर्थसंकल्प आजारी माणसाने मांडला. पणजीच्या एखाद्या वाड्यातल्या गटाराचा प्रश्न त्या काळात कोणी मांडायचा, हे कोणी विचारले नाही.

माझे मत असे आहे की, आजारी आमदाराची आमदारकी काढून घेऊ नये आणि त्याचे मतही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. एवढेच करावे: एका अधिवेशनापेक्षा जास्त काळ रजा मंजूर झाली, की त्या आमदाराने स्वतः लेखी एका सहकारी सदस्याचे नाव द्यावे, त्याला ते शक्य नसेल तर अध्यक्षांनी शेजारच्या मतदारसंघातला, शक्यतो त्याच पक्षाचा सदस्य सांगावा. त्याने त्या मतदारसंघाचे प्रश्न विचारावेत, निधीच्या शिफारशीवर त्याची सही चालावी, आणि त्याचे नाव तहसील कचेरीच्या फलकावर लागावे. मत देण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून कावेबाजीला वाव थोडा. निधीची गोष्ट सोडली तर ह्याला घटनादुरुस्ती काय, नवा कायदाही बहुधा लागणार नाही. सभागृहाच्या नियमांत भागेल. शेजारचा आमदार विरुद्ध पक्षाचा असला तर मनापासून बोलेल काय, असे कोणी विचारील. नाही बोलणार कदाचित. पण नाव फलकावर लागले असेल, तर निदान कोणाच्या दारात जाऊन बसायचे ते लोकांना कळेल.

गंमत पाहा, मतदाराच्या बाबतीत आपण कितीतरी पुढे गेलो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. मतपेटी घेऊन माणसे दारी येत. वाडीवरच्या आजीकडे लोकशाही चालत जाते, आणि आमदाराला मात्र घाट उतरून यावे लागते.

हा नियम होईल तेव्हा होईल. तोवर आजच्या आज काय करता येते ते शिक्षकमंडळींसाठी मुद्दाम सांगतो, कारण खेड्यात कागद लिहायचा तो त्यांनीच. सभागृहात कोणताही सदस्य राज्यातल्या कोणत्याही गावाविषयी प्रश्न विचारू शकतो. एकाच तारांकित प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात ती उगाच नव्हे. तेव्हा आपला आमदार आजारी असला, तर शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराकडे जायला संकोच करू नये. विधान परिषदेतही आपली माणसे आहेत. कोकण विभागाचा पदवीधरांचा एक आणि शिक्षकांचा एक असे दोन सदस्य तिथे असतात, आणि त्यांना केवळ शाळेचेच नव्हे, विहिरीचे आणि दळीचेही प्रश्न विचारता येतात. (शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत नाही, ही जुनी खंत आहे, पण म्हणून त्याने अर्ज देऊ नये असे थोडेच आहे.) कर्जत-खोपोली गाडीच्या फेऱ्या, स्टेशनावरची सोय, हे विषय तर रेल्वेचे, म्हणजे खासदारांचे; त्यासाठी आमदाराच्या दुखण्यातून उठण्याची वाट पाहायचे कारणच नाही. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, तिचे नाव खेड्यात फारसे कोणी ऐकलेले नसते.

आणि हातात सर्वांत जवळचे साधन म्हणजे ग्रामसभा. नुसता अर्ज एका माणसाचा असतो, ठराव गावाचा असतो. विषय एकच घ्यावा, दहा विषय एका ठरावात कोंबू नयेत. सर्व्हे नंबर, दाव्याचा क्रमांक, तारीख, हे सगळे त्यात असावे. ठरावाची एक प्रत अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक खासदारांकडे, एक विधान परिषदेच्या सदस्यांकडे, आणि एक आपल्या आजारी आमदाराच्या घरी पाठवावी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्याव्या लागतात, म्हणून नागपूरच्या अधिवेशनात विषय यावा असे वाटत असेल, तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच ठराव करून घ्यावा, २ ऑक्टोबरची वाट पाहू नये. आणि पोच मागायला विसरू नये.